वऱ्हाड दिलं, नाव ठेवलं

अहो वहिनी, थांबा ना जरा! पापडांना काही होत नाही, या उन्हात ते आपोआप वाळतात. कोपऱ्यावरच्या घरी काल रात्री केवढा गोंधळ झाला, ऐकलं का? थोरल्यानं गावाकडचं वावर धाकट्याला मक्त्यानं दिलं होतं. आता म्हणतो परत दे. धाकटा म्हणतो विहीर मी खोदली, संत्र्याची झाडं मी लावली, आता काहून देऊ? अन् सातबाऱ्यावर नाव अजून थोरल्याचंच!

हसून काय राहिल्या? तुमच्या माहेराचंही हेच झालं होतं. हाव, अमरावतीचंच म्हणून राहिली मी. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, अख्खं वऱ्हाड. मालक हैदराबादचा निजाम, पीक नेणारा इंग्रज. जवळपास शंभर वर्षं चाललं हे. तुमचे आजोबा जन्मले ना, ते कायद्यानं निजामाची रयत म्हणून जन्मले.

लढाई? कशाची लढाई बाप्पा, उधारीत गेलं ते! इंग्रजांनी निजामाच्या राज्यात एक फौज ठेवली होती, हैदराबाद कंटिन्जंट नावाची. हुकूम गोऱ्या साहेबांचा, पगार निजामाचा. पगार थकला की ईस्ट इंडिया कंपनी पदरचे पैसे घालायची अन् निजामाच्या नावावर मांडून ठेवायची. मांडता मांडता रक्कम पन्नास लाखांच्या घरात गेली. मग आला गव्हर्नर जनरल डलहौसी. पैसे नसतील तर मुलूख द्या म्हणाला. १८५३ च्या मे महिन्यात निजामानं वऱ्हाड, नळदुर्गाकडचा भाग अन् रायचूरचा दुआब लिहून दिला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, अन् खर्च भागून काही उरलंच तर ते हैदराबादला पाठवायचं. उरलंच तर बरं का!

अन् सही झाल्यावर आठवडाभरात निजामाचे दिवाण सिराज-उल-मुल्क वारले. त्यांच्या जागी पुतण्या आला, सालारजंग, चोवीस वर्षांचा पोरगा. त्यानं उभा जन्म एकच धोशा लावला, आमचं वऱ्हाड परत द्या. १८७६ मध्ये विलायतेला गेला, तिथंही तेच. हात हलवत परत आला.

आता खरी लबाडी ऐका. सत्तावनच्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला. म्हणून १८६० मध्ये बक्षिसी मिळाली. नळदुर्ग परत, रायचूर परत, सुरापूरचं संस्थान वरून, अन् पन्नास लाखांचं कर्ज माफ. कर्ज माफ झालं तर गहाण सुटायला पाहिजे की नाही? नाही सुटलं! फौजेचा खर्च चालूच आहे म्हणाले. उलट त्याच करारात गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूखही घेतला, आपल्या गडचिरोलीतलं सिरोंचा त्यातलंच. वर्षभरात तिकडे अमेरिकेत यादवी लागली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, अन् वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा झाला. एवढं झाल्यावर कोण सोडतो?

निजामाची दया येऊन राहिली का तुम्हाला? फार येऊ देऊ नका. त्याच्याकडे तरी सगळं वऱ्हाड कुठून आलं? तिथं आधी दुअमली होती, वसूल थोडा निजामाचा, थोडा आपल्या भोसल्यांचा. १८०३ मध्ये अडगावची लढाई हरली, गाविलगड गेला, अन् देवगावच्या तहात रघूजीराजांनी वर्धा नदीच्या पलीकडचं वऱ्हाड सोडलं, तिकडे ओरिसात कटकही सोडलं. इंग्रजांनी भोसल्यांकडून घेऊन निजामाला दिलं अन् पन्नास वर्षांनी निजामाकडून काढून घेतलं. त्याच १८५३ च्या डिसेंबरात इथं तिसरे रघूजी वारले, पोटी मुलगा नाही, पुढच्या वर्षी नागपूरही खालसा. एकाच वर्षाच्या आत माहेर गेलं अन् सासरही!

पुढं १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन स्वतः हैदराबादला गेला. तेव्हाचा निजाम महबूब अली खान. दोघंच बसून बोलले. काय बोलले, त्यावर हैदराबादेत कित्येक वर्षं कुजबूज चालली होती. नोव्हेंबरात करार झाला. वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं, भाडं वर्षाला २५ लाख रुपये. कापूस पिको की न पिको, भाव चढो की पडो, पंचवीस म्हणजे पंचवीस. वर निजामाला जी.सी.बी. असा मोठा किताब मिळाला. त्यावर टवाळ लोक म्हणायचे, जी.सी.बी. म्हणजे ‘गेव्ह कर्झन बेरार’! पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरपासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं. तेव्हापासून अमरावतीच्या माणसाला वरच्या कामासाठी नागपूरची गाडी धरावी लागते, अन् तेव्हापासून तुम्ही आम्हाला नावं ठेवता.

अन् गंमत सांगू? वऱ्हाड काही कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थान नव्हतं. म्हणून इथल्या कौन्सिलात वऱ्हाडातून जे सभासद निवडून यायचे, त्यांना निवडून आले म्हणून बसता यायचं नाही. आधी लोकांनी मत द्यायचं, मग सरकारनं त्याच माणसाची नेमणूक करायची, मग तो आत. वऱ्हाड कोणाकडे राहावं, हे मात्र त्या मत देणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. मला विचाराल तर निजामाला तरी वऱ्हाडातली माणसं कुठं हवी होती? त्याला नाव हवं होतं.

शेवटचा निजाम, मीर उस्मान अली, जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणायचे त्याला. त्यानं पुन्हा वऱ्हाड मागितलं. १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगनं असं पत्र धाडलं की बस! तुम्ही कितीही मोठे असाल, आमच्या बरोबरीनं बसून वाद घालायचा नाही, हा त्याचा मथितार्थ. पण दहा वर्षांनी इंग्रजांनीच त्याला गोंजारलं. १९३६ मध्ये ठरलं की वऱ्हाडावर सार्वभौमत्व निजामाचं, कारभार नागपूरचा, अन् निजामाच्या थोरल्या मुलाला किताब ‘प्रिन्स ऑफ बेरार’. राज्य नाही, वसूल नाही, नुसता प्रिन्स.

आता या प्रिन्सची बायको कोण होती, ते ऐका. तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी, दुर्रुशहवार! खलिफाला देशाबाहेर काढलेलं, तो फ्रान्समध्ये राहायचा. १९३१ मध्ये तिकडेच नीस गावात लग्न लागलं. पाच वर्षांनी नवऱ्याला किताब मिळाला अन् बाई झाल्या प्रिन्सेस ऑफ बेरार. रूप असं की अजूनही त्यांचे फोटो छापतात. २००६ मध्ये लंडनमध्ये वारल्या. जन्म इस्तंबूलचा, शेवट लंडनचा, अन् नाव तुमच्या मूर्तिजापूर-बडनेऱ्याकडचं. आहे की नाही?

हाव, आता तुम्ही म्हणाल, मुंबई तर हुंड्यातच गेली. खरंच गेली. १६६१ मध्ये पोर्तुगालनं राजकन्येच्या लग्नात ती इंग्रजांच्या राजाला दिली, अन् त्यानं १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीच्या गळ्यात मारली. आताच्या भावात तेवढ्यात मुंबईत कोणी स्कूटरही उभी करू देणार नाही.

सरळपणे देणारेही असतात म्हणा. बेल्जियमचा एक तुकडा नदीचं पात्र सरळ केल्यावर हॉलंडच्या बाजूला पडला होता. बेल्जियमच्या पोलिसांना तिथं जायचं तर बोटीनं. तिथं एकदा मुंडकं नसलेलं प्रेत सापडलं! तपास करता करता नाकी नऊ आले. शेवटी दोघांनी बसून तुकडे बदलून घेतले, १ जानेवारी २०१८ पासून. बेल्जियमनं जास्त दिलं, कमी घेतलं, कोणी बसगाड्या नाही जाळल्या. अन् नॉर्वेच्या लोकांच्या मनात आलं की फिनलंड शंभर वर्षांचं होऊन राहिलं, तर हाल्टी डोंगराचं शिखर त्यांना भेट देऊ. थोडीशी रेघ सरकवायची होती फक्त. पण राज्यघटनेत लिहिलंय देश अविभाज्य, म्हणून पंतप्रधानबाई नाही म्हणाल्या. म्हणजे द्यायची इच्छा असूनही देता आलं नाही, असंही होतं.

निजामाचं काय झालं पुढं? १९४७ मध्ये इंग्रज निघाले तर त्याच्या माणसांनी माउंटबॅटनपुढं पुन्हा वऱ्हाडचं काढलं. गोरा जाऊन राहिला म्हणजे पट्टा संपला, हा हिशेब. पुढच्या सप्टेंबरात हैदराबादच भारतात आलं, मागणाराच उरला नाही. अन् १९५६ मध्ये वऱ्हाड अन् नागपूर दोघंही मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले. आमची राजधानी गेली, ते दुःख वेगळं, त्याला एक अख्खी दुपार लागेल.

पण तिकडे चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात चौदा गावं आहेत ना, परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा वगैरे, तो सगळा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्या गावांवर महाराष्ट्रही हक्क सांगतो, तेलंगणही. सोडायला कोणी तयार नाही. लोकांची नावं दोन्ही यादीत, मतदान दोन्हीकडे, शाळा दोन, ग्रामपंचायती दोन, रेशनकार्डं दोन. महाराजगुड्यात तर एका घराच्या मधूनच सीमा गेली आहे, काही खोल्या इकडे, काही तिकडे, अन् कर दोन्हीकडे भरतात. आता निजाम नाही म्हणून बरं, नाहीतर त्यानं तिसरं रेशनकार्ड छापून दिलं असतं.