कॉमाकाका

प्रत्येक सोसायटीत एक कॉमाकाका असतात. बहुधा बँकेतून निवृत्त. खिशाला लाल पेन, कपाटात रेन अँड मार्टिनच्या इंग्रजी व्याकरणाची पानं सुटी झालेली प्रत. ते नोटीस बोर्डापुढे उभे दिसले की सेक्रेटरी मागच्या जिन्याने निसटतो.

परवा बोर्डावर होतं, 'द पंप इज आउट ऑफ ऑर्डर, अँड विल बी रिपेअर्ड टुमॉरो.' काकांनी कॉमा खोडला. दोन्ही अंगांना पुरी वाक्यं असतील तरच अँडच्या आधी कॉमा. इथे अँडपुढे कर्ताच नाही! शेजारच्या वहिनी बादली घेऊन उभ्या. "काका, पण येणार कधी?"

"'इट' घातलं की लगेच येईल."

वहिनी पाण्याबद्दल विचारत होत्या.

'बट'च्या आधी कॉमा राहिला की त्यांचं बीपी चढतं, 'बिकॉज'च्या आधी विनाकारण दिसला तरी चढतं. यादीतल्या शेवटच्या अँडआधीचा ऑक्सफर्ड कॉमा तर त्यांचं कुलदैवत. इंग्रजी वर्तमानपत्रं तो सहसा गाळतात, म्हणून काका पेपर वाचत नाहीत, तपासतात.

त्यांचा हुकमी किस्सा अमेरिकेतल्या मेन राज्याचा. तिथल्या ओव्हरटाइमच्या कायद्यात, कुठल्या कामांना जादा पैसे नाहीत त्या यादीत, 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' असं होतं. 'ऑर'आधी कॉमा नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, हे सगळं पॅकिंगबद्दल आहे आणि आम्ही तर नुसता माल पोचवतो. 2017 मध्ये अपील कोर्टाने त्यांची बाजू उचलून धरली, 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. हे सारं काका पहाटे दूधवाल्याला सांगतात, कारण विषय दुधाचा आहे. तो बिचारा ऐकून घेतो आणि म्हणतो, "काका, मागच्या महिन्याचं बिल राहिलंय."

मराठीत विरामचिन्हं रुजवणाऱ्या मेजर कँडीबद्दल काकांना नितांत आदर, पण तो आदर इंग्रजीतच. काकूंना त्यांचा मेसेज आला: 'भाचा येतोय जेवायला नाही थांबणार'. काकूंनी पहिले तीन शब्द एकत्र वाचले आणि पुरण घातलं. भाचा चहा घेऊन गेला.

"मराठीत कशाला हवा कॉमा? संदर्भाने कळतं," काका म्हणाले.

"मग आता संदर्भासकट संपवा," म्हणत काकूंनी पोळ्यांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.