प्रतिभा वेळेवर यावी म्हणून: झाडीपट्टीतले काही जालीम उपाय

सर्जनशील माणसाला मुख्यतः दोन आजार होतात. सुचत नाही हा एक, आणि सुचतं पण बसवत नाही हा दुसरा. यांवर पुण्या-मुंबईकडे बरेच उपचार निघाले आहेत. पहाटे 5 ला उठावं, कोऱ्या वहीत मनात येईल ते खरडावं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, कोमट पाणी प्यावं. चंद्रपूर-गडचिरोलीत या उपचारांचा गुण येत नाही. पहाटे 5 ला इथला कलावंत उठत नसतो. दिवाळीनंतरच्या दिवसांत त्या वेळी तो शेवटच्या अंकात असतो, नायिकेने विष घेतलेलं असतं आणि खलनायकाला अजून एक पद म्हणायचं बाकी असतं.

म्हणून हे वेगळं मार्गदर्शन. ते झाडीपट्टी रंगभूमीच्या कामकाजावर बेतलेलं आहे. झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा मुलूख. त्यातल्या नाटकांची राजधानी वडसा. कागदोपत्री तिचं नाव देसाईगंज, पण नाटक ठरवायला निघालेला माणूस वडशालाच जातो. तिथे नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, बाहेर रंगीत फलक आहेत, आणि आत एक माणूस डायरी घेऊन बसलेला आहे. त्या डायरीचं महत्त्व पुढे कळेल.

आधी जागेचा प्रश्न मिटवू. लिहायला निवांत जागा हवी, असं सगळे सांगतात, आणि निवांत म्हटलं की बाहेरच्या लेखकाला ताडोबा आठवतो. जरूर जावं. 1955 पासूनचं राष्ट्रीय उद्यान आहे, मोहर्लीच्या गेटवर उभं राहिलं की मन आपोआप गंभीर होतं. फक्त मंगळवारी जाऊ नये, त्या दिवशी सफारी बंद असते आणि प्रतिभेलाही सुट्टी घ्यावी लागते. वाघ दिसला तर कविता होते, नाही दिसला तर ललित लेख होतो. दोन्हीकडून फायदा. मात्र जंगलाला लागून असलेल्या एखाद्या गावात हाच विषय काढून पाहावा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला गेलेली बाई टोपली घेऊन घरी परत येईपर्यंत तिच्या घरात कोणालाच काही सुचत नसतं. त्या घरी वाघाच्या डोळ्यांतल्या तेजाबद्दल बोलू नये. चहा मिळणार नाही.

दिनचर्या. इथे दिवसाची चर्या ठरवून उपयोग नाही, वर्षाची ठरवावी लागते, आणि ती धान ठरवतो. मृगात पऱ्हे टाकायचे. मग चिखल करायचा, मग रोवणी. या काळात प्रतिभा आलीच तर तिला बांधावर बसवून ठेवावं, कारण बांधीत गुडघाभर पाणी असतं आणि वही भिजते. रोवणीचे मजूर एकदा मिळाले की ते सोडून शोकांतिकेच्या मागे लागणाऱ्या लेखकाला गावात वेडा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. धान निसवला की डोकं मोकळं होतं. कापणी उरकते, हाती चार पैसे येतात, भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात आणि मंडई आली की रात्री नाटक आलंच. हा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. म्हणजे पोटाचं वेळापत्रक आणि कलेचं वेळापत्रक एकाच पंचांगात बसतं. वेळेचं नियोजन शिकवणाऱ्यांनी याची फी लावली असती.

आता मुख्य कृती. ती शहरातल्या शिक्षणाच्या बरोबर उलट्या क्रमाने करायची असल्याने नीट वाचावी.

सर्वप्रथम नाटकाचं नाव ठरवा. कथानक नको, पात्रं नकोत, फक्त नाव. त्यात कुंकू, बहीण, माय, सातबारा, सरण यांपैकी किमान एक शब्द हवा, दोन असल्यास उत्तम. नाव असं पाहिजे की बसस्टॉपवर फलक वाचणाऱ्या बाईने पदर डोळ्यांना लावावा आणि शेजारच्या पोराने हसावं. मग फलक छापा. मग वडशाच्या डायरीत गावं लिहून घ्या. अमक्या तारखेला अमक्या गावी, इसार मिळाला, पावती फाडली. हे सगळं झालं की घरी या आणि कोरा कागद समोर ठेवा. आता तुम्हाला सुचेल. सुचावंच लागेल. तिकडे गावातल्या समितीने लाऊडस्पीकर फिरवायला रिक्षा सांगितलेली असते, जावई-लेकींना निरोप गेलेले असतात, कोणाच्या तरी घरी त्याच रात्रीच्या भरवशावर सोयरिकीची बोलणी ठरलेली असतात. एका न लिहिलेल्या तिसऱ्या अंकापायी एखाद्या मुलीचं लग्न वर्षभर लांबणीवर पडू शकतं, ही जाणीव कोमट पाण्यापेक्षा फार लवकर लागू पडते. त्यात रोज सकाळी रस्त्यात कोणी ना कोणी विचारणारच, “का गा, लिवून झाला का नाटक?”

एवढ्याने भागलं नाही तर प्रॉम्प्टरचा उपाय करावा. झाडीपट्टीत नट आज या गावात, उद्या त्या गावात, आणि तालमी मोजक्याच. त्यामुळे विंगेत वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर हा नाटकाचा खरा कणा. नटाच्या तोंडचं वाक्य तो अर्ध्या क्षणाने आधी म्हणतो. त्याचा आवाज नटापर्यंत पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचता कामा नये. ही कसरत तो रात्रभर करतो, मांडीला रग लागते, विंगेत थंडी असते, पान उलटताना बोटं कडक होतात, आणि सकाळी टाळ्या नटाला मिळतात. लेखनाचा अडथळा आलेल्या प्रत्येकाने असा एक माणूस पगारी ठेवावा. वाक्य अडलं की त्याने मागून पुढचं सांगायचं. परवडत नसेल तर बायकोला सांगून पाहावं. ती पुढचं वाक्य नक्की सांगते, फक्त ते नाटकातलं असेलच असं नाही.

मूडचा प्रश्न अनेक जण विचारतात. डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, गडचिरोली जिल्ह्यातल्या या नटाने विनोदी भूमिकांनी हा सगळा मुलूख हसवला आहे. पुरस्काराच्या वेळी त्यांच्या खात्यावर 5000 हून अधिक प्रयोग आणि 800 निरनिराळ्या भूमिका मांडल्या गेल्या. आता गणित करा. प्रत्येक भूमिकेत शिरण्यासाठी त्यांनी आठवडाभर नदीकाठी चिंतन करायचं ठरवलं असतं, तर 800 आठवडे, म्हणजे 15 वर्षांहून अधिक काळ ते वैनगंगेच्या काठावरच बसून राहिले असते आणि लोक घरी गेले असते. तेव्हा मूड हा पदार्थ मेकअपच्या डब्यात ठेवावा, तोंडाला रंग लागला की तो आपोआप चढतो.

व्यसनांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. चांगली कलाकृती आणि चांगली दारू यांचं नातं आहे, असा साहित्यिक गैरसमज आहे. त्याची सरकारी चाचणी इथे होऊन गेली. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती 2015 ला आली आणि 2021 ला उठली. नाटकं तिन्ही अवस्थांत सारखीच चालली. बंदी असताना एवढाच फरक पडे की नाटकातला दारुडा नवरा पाहून काही प्रेक्षक विशेष लक्ष देऊन, किंचित हळहळून बघत. तेव्हा या खर्चाला कलेचं नाव देऊ नये.

खर्ऱ्याचं मात्र सांगणं भाग आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून तो पानठेल्यावर घोटला जातो आणि तो घोटला जाईपर्यंत माणूस उभा राहतो. त्या वेळात इथली अर्धी संविधानकं रचली जातात. नायकाचा सावत्र भाऊ परत येतो तो याच ठिकाणी. पण डॉक्टर लोक कर्करोगाचं म्हणतात आणि ते खरं आहे, म्हणून सुधारित पद्धत अशी: ठेल्यावर उभं राहावं, दुसऱ्याचा खर्रा घोटताना पाहावं आणि कथानक घेऊन घरी यावं. ठेलेवाल्याला हे फारसं आवडत नाही.

समीक्षेची भीती वाटणाऱ्यांनी एकदा जानेवारीत संपूर्ण रात्र प्रेक्षकांत बसावं. रात्री 10 च्या सुमारास पडदा वर जातो. समोर ऑर्गन आणि तबला, मागे बांधीत सतरंज्या, त्यांच्या मागे पोरं गोधडीत गुंडाळून निजवलेल्या आया, कडेला आलूबोंड्याची कढई. नाटक भरकटलं की समीक्षा तात्काळ होते: माणसं आलूबोंडा खायला उठतात. कढईभोवतीची गर्दी बघून दुसऱ्या अंकातला कोणता प्रवेश कापायचा हे लेखकाला कळतं. उलट विंगेतून एखादं पद असं निघतं की चुलीवरचा माणूस झारा हातात धरून उभा राहतो आणि बोंडे करपतात. एवढी अचूक समीक्षा मासिकात छापून येत नाही. 2012 साली चंद्रपुरात 85 वं साहित्य संमेलन झालं, वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते. संमेलनाच्या मांडवात वक्त्याला वेळ संपल्याची चिठ्ठी जाते. इथे पहाटे 4 ला वन्स मोअर येतो आणि खलनायकाला मरायचं थांबून पुन्हा गावं लागतं.

निमित्त गेलं तर काय, असा प्रश्न एका होतकरू कवीने विचारला होता. मंडईइतकंच शंकरपट हे नाटकाचं जुनं निमित्त. दिवसा बैलांच्या जोड्या धावायच्या, रात्री नाटक. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, त्या डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधल्या वर्षांत बैल गोठ्यात उभे राहिले, पण नाटकवाल्यांनी न्यायालयाचा निकाल येईपर्यंत लिहिणं तहकूब केलं नाही. आपल्याकडे पुरस्कार समितीचा निकाल लागेपर्यंत पुढचं पुस्तक तहकूब ठेवणारे आहेत.

नव्या काळातले काही धोके नोंदवून ठेवतो. मुंबईहून मालिकेतला चेहरा आणला की फलकावर त्याचा फोटो मोठा आणि लेखकाचं नाव मुंगीएवढं होतं. त्याचे संवाद दोन पानांपेक्षा जास्त लिहू नयेत, कारण ते त्याला आणि प्रॉम्प्टरला दोघांनाही त्रासाचे होतात. विनोदी नटाला मात्र मोकळी जागा सोडावी, तो लिहिलेलं म्हणणारच नाही. आणि दोन अंकांच्या मधली लावणी कथानकाशी जोडायचा प्रयत्न करू नये. फार मोठ्या लेखकांनी करून पाहिला, नायकाच्या बापाच्या तेरवीच्या प्रवेशानंतर ती काही केल्या बसत नाही.

शेवटी मानधन. पडदा पडल्यावर समितीचे लोक देवळाच्या ओट्यावर तिकिटांचे पैसे मोजतात. जमिनीचे वेगळे, खुर्चीचे वेगळे, चिल्लर वेगळी. त्या वेळी लेखकाने हातपाय धुऊन, केस विंचरून, तोंडाला आलेली जांभई दाबून तिथेच बाजूला उभं राहावं आणि नजर चिल्लरीकडे न ठेवता नोटांकडे ठेवावी. अध्यक्ष म्हणतील, “यंदा धानाला भाव नाही ना गा.” त्यावर लगेच उत्तर देऊ नये, मान हलवावी आणि उभंच राहावं. चहा आला तर घ्यावा. त्या वेळी प्रेरणेचा विषय काढू नये.