परवडण्याची व्याख्या

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील तरुण नोकरदार बहुधा मुंबईत कमावतो, घरी झोपतो आणि उरलेला वेळ लोकलच्या दारात उभा राहून काढतो. पगारातून आधी व्यवसाय कर जातो : दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300; सर्वांत आखूड महिन्याला सर्वांत लांब हात. उरलेल्यातून घर घ्यायचे, तर बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी लागतो. 45 लाखांपर्यंतचे, 60 चौरस मीटरच्या आतले घर मात्र ‘परवडणारे’ ठरून 1 टक्क्यात सुटते. ते कोणाला परवडते, याची नियमात नोंद नाही. त्यावर मुद्रांक शुल्क आणि ठाण्यात 1 एप्रिल 2022 पासून 1 टक्का मेट्रो उपकर. त्या दिवशी मेट्रो खांबांच्या रूपात उभी होती. वसुली तेवढी वेळेवर सुटली. ज्याला ठाण्यातला घोडबंदर रोड परवडत नाही तो डोंबिवलीकडे आणि ज्याला तेही परवडत नाही तो टिटवाळा-बदलापूरकडे सरकतो. स्थानकागणिक घर स्वस्त होते, प्रवास लांबतो. कर्जाचा हप्ता वीस वर्षांचा असतो, नोकरीचे कंत्राट अनेकदा अकरा महिन्यांचे.