पांढऱ्यावर संशय

खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असणाऱ्या आयरिसला दाढीवाला आयरिस म्हणतात, आणि अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये परसातल्या वाफ्यात त्याचे संकर घडवणारा जो हौशी गृहस्थ आढळतो, त्याचे मुख्य लक्षण असे, की डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर त्याचा काडीचाही विश्वास नसतो. इतर माणसे फुलाला नुसती दाद देतात; हा मात्र मुलगी पाहायला आलेल्या मंडळींतल्या थोरल्या मामांप्रमाणे आधी कुळाची चौकशी करतो.

पांढरे फूल तर त्याच्या लेखी सराईत गुन्हेगारच. आयरिसचे रंग मुख्यतः दोन घराण्यांचे असतात: पाण्यात विरघळणारी अँथोसायनिने निळा-जांभळा रंग देतात, तर तेलात विरघळणारी कॅरोटिनॉइडे पिवळा आणि गुलाबी, त्यातला गुलाबी टोमॅटोतल्याच लायकोपीनचा. काही पांढऱ्या फुलांच्या झाडांत जांभळा रंग घडवण्याची क्षमता शाबूत असते, पण एक प्रभावी जनुक फुलापुरती तिची गळचेपी करतो; म्हणून हा गृहस्थ चिखलात गुडघे टेकून पानांच्या बुडाशी जांभळट झाक शोधतो, दाढीत निळसर केस दिसतो का ते न्याहाळतो, आणि अखेरीस पाकळी अमोनियाच्या वाफेवर धरतो. ती पिवळी पडली, की फुलात फ्लेव्होन वर्गाचे, डोळ्यांना न दिसणारे द्रव्य होते असा निष्कर्ष तो काढतो (आणि तो बरोबरच असतो). अमोनियाची बाटली फरशी पुसायला आणली होती, हा घरच्यांचा मुद्दाही तितकाच बरोबर असतो.

खरी पंचाईत गुणसूत्रांची. उंच दाढीवाले आयरिस बहुतेक चतुर्गुणित, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राच्या चार प्रती बाळगणारे असतात. त्यामुळे गुलाबीला लागणारा अप्रभावी जनुक चारही प्रतींत आल्यावाचून रंग उघडा पडत नाही, आणि तो दोनच प्रतींत दडलेला असेल, तर झाडाचे स्वतःच्याच परागांनी फलन केल्यावर असा योग सरासरी ३६ रोपांत एकदा येतो. बी धरल्यापासून पहिले फूल दिसेपर्यंत दोन-तीन वर्षे जातात, आणि तेवढ्यात घरातल्या भाजीच्या वाफ्याचे अस्तित्व संपते. उरलेली ३५ रोपे तो टाकत नाही. त्यांच्या पोटात काय दडले असेल यावर व्याख्यान देऊन शेजाऱ्यांना भेट देतो.

एका रंगापुढे मात्र त्याची शोधकबुद्धी हतबल होते. ज्या फुलाला तो लाल म्हणतो त्याला शेजारी विटकरी म्हणतात, आणि पेलार्गोनिडिन हे लाल द्रव्य दाढीवाल्या आयरिसच्या फुलात सहसा तयारच होत नसल्याने, शेजाऱ्यांचे म्हणणे खरे असते.