गोड बोलणारा खुनी

वर्ध्यात बसून खुनाची कादंबरी वाचणे हे थोडे चोरून केल्यासारखेच वाटते. हटकत कोणी नाही. पण इथल्या हवेत असे काही आहे, की पुस्तकात रक्त सांडू लागले की वाचणारा आपसूक आवाज न करता पान उलटतो. शहराबाहेर थोड्या अंतरावर सेवाग्रामच्या बापूकुटीत साप धरायचा एक चिमटा जपून ठेवला आहे. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा हे शेगाव नावाचे खेडे होते आणि साप-विंचू तिथले जुने रहिवासी होते. सापाला मारायचे नाही, अलगद धरून रानात नेऊन सोडायचे, असा आश्रमाचा शिरस्ता. त्या चिमट्यापुढे उभे राहिले की मला सापाचीच काळजी वाटते. इतक्या अदबीने उचलले गेल्यावर बिचाऱ्याला पुन्हा फणा काढायचा संकोच वाटत असेल. अशा मुलुखात राहून एखाद्या थंड डोक्याच्या खुन्याची हकिकत, तीही त्याच्याच तोंडून, रात्री दिवा लावून ऐकत बसायची म्हणजे मनाला जरा समजूत घालावीच लागते.

रहस्यकथेशी ओळख तशी जुनी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तके लिहिली आणि ती महाराष्ट्राने फाटेपर्यंत वाचली. हा अलंकार नव्हे. वाचनालयातून आमच्या हाती येईतो त्यांची शिवण सुटलेली असे आणि शेवटची दोन-तीन पाने हमखास गेलेली असत. खुनी नेमका त्याच पानांत राहत असल्यामुळे माझ्यापुरते त्या काळचे कित्येक खुनी अजून फरार आहेत. खुनी स्वतःच गोष्ट सांगतो तेव्हा ही अडचण राहत नाही. तो पहिल्याच पानावर दारात उभा असतो, आपल्याला बसायला सांगतो, पाणी हवे का विचारतो आणि मग निवांत सुरुवात करतो. कोणी केले हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो एवढाच, की हा माणूस आपल्याला आवडू कसा लागला?

या घराण्याचा एक मूळपुरुष आपल्याच बाजूचा आहे, हे मला फार उशिरा कळले. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज. पुढे नळदुर्गचा कारभारही त्याने पाहिला. १८३९ साली लंडनमध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी तीन खंडांत निघाली. विशीतल्या व्हिक्टोरिया राणीला धीर निघेना आणि तिने छापून होत जाईल तसे ताव मागवून घेतले, असे सांगतात. गोष्ट सांगतो अमीर अली. तो कैदेत आहे, समोर साहेब लिहून घेत बसला आहे, आणि अमीर अली आपल्या खुनांचा हिशेब अशा तब्येतीत मांडतो, की एखाद्या जुन्या गवयाने आपल्या मैफली आठवाव्यात. आकडा ७१९. खंत एकच, की मध्ये बारा वर्षे तुरुंगात गेली, नाहीतर हजार सहज झाले असते.

या कादंबरीत नागपूर येते, उमरावती म्हणजे आजची अमरावती येते. ही नावे दिसताच माझ्यातला जिल्हावासी जागा झाला. नागपूरहून अमरावतीला निघालेला माणूस आमच्या कारंजा-तळेगावच्या बाजूने नाही जाणार, तर कुठून जाणार? तेव्हा वर्धा नदी ही सरहद्द होती. अलीकडे नागपूरकर भोसले, पलीकडे निजामाचे वऱ्हाड. मी नकाशावर बोट ठेवून गावे शोधू लागलो आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले, की आपल्या गावाजवळ कोणी मेले नाही याचे समाधान आणि पुस्तकात आपल्या गावाचे नावच नाही याची हळहळ, दोन्ही मनात शेजारी शेजारी बसली आहेत. ठगांच्या या कहाण्यांत ठग किती आणि कंपनी सरकारची कल्पना किती, यावर इतिहासकारांचा वाद आहे. पण जिल्ह्याच्या अभिमानाला असल्या वादाशी काय देणेघेणे!

अमीर अलीचे खरे हत्यार गळा आवळायचा रुमाल नव्हे, त्याची रीतभात. वाटेवर भेटलेल्या प्रवाशाला तो कळवळून सांगतो, की दिवस वाईट आहेत, रस्त्यात ठगांचा सुळसुळाट आहे, एकटे जाऊ नका, आमच्यासोबत चला. प्रवासी त्याला दुवा देतो. पुढे मुक्काम, गप्पा, एखादे गाणे, आणि मग कोणीतरी तंबाखू आणायला सांगतो. ती खूण. त्यानंतर देवीचा प्रसाद म्हणून गूळ वाटायचा. तो गूळ एकदा जिभेवर गेला की माणूस जन्माचा ठग झाला, अशी त्यांची श्रद्धा. संक्रांतीला गोड बोलण्याची आठवण करून देत हातावर तीळगूळ ठेवणारे आपण लोक. पण हे प्रकरण वाचल्यावर आलेल्या संक्रांतीला मी प्रत्येकाचा तीळगूळ जरा निरखून घेतला, हे खरे.

पुढे हे गोड बोलणे साता समुद्रापार गेले. जिम थॉम्पसन या अमेरिकन लेखकाची 'द किलर इन्साइड मी' १९५२ साली आली. तिचा निवेदक लू फोर्ड हा टेक्सासमधल्या एका लहानशा गावचा पोलीस अधिकारी. गाव त्याला साधाभोळा समजते. त्याची एक खोड अशी, की कोणी भेटले की त्याला धरून झिजलेले सुविचार ऐकवायचे, शांतपणे, एकामागून एक, ऐकणारा मनातून तडफडू लागेपर्यंत. ही हिंसा त्याला जमते, कारण तिला कोणत्याच कायद्यात कलम नाही. आता वर्ध्याच्या वाचकाने काय करावे? आमच्याकडे सुविचार शाळेच्या फळ्यावर आहे, बँकेच्या भिंतीवर आहे, दवाखान्यात सुईच्या अगदी समोर आहे. लू फोर्ड वाचल्यावर काही दिवस मी गोड आणि सुविचारी माणसांपासून हातभर लांब राहिलो. सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त गुरुजी रोज थांबून वेळेचे महत्त्व सांगतात. मी ऐकता ऐकता त्यांच्या हातांकडे पाहू लागलो. हातात लोकांच्या कुंपणावरून तोडलेली जास्वंदीची फुले होती. त्यांच्या खाती जमा असलेला गुन्हा तेवढाच निघाला. उलट त्या क्षणी त्यांच्याविषयी माझ्या मनात जे काही चालले होते, तेच एखाद्या कादंबरीत शोभले असते.

शेजारच्या काकाजींनी एकदा कुंपणावरून विचारले, "काय वाचून राह्यले जी भाऊ एवढं?"

म्हटले, "एक खुनी आहे, तोच सांगतो आहे आपली गोष्ट."

"सापडला का मंग?"

"अजून नाही."

"बरं झालं बाप्पा. नाही तर संपलं असतं पुस्तक."

काकाजी हसत आत गेले आणि मी पुस्तक मिटून बसलो, कारण तेच माझ्याही मनात होते. पोलीस जवळ आले की माझा जीव खालीवर होई, आणि तो मरणाऱ्यासाठी नव्हे. दोनशे पाने एकाच्या डोळ्यांनी पाहिले की त्याची वाट ती आपली वाट होते आणि त्याच्या वाटेत आलेला माणूस आपल्याला उगीच मध्ये कडमडल्यासारखा वाटतो. 'मी' या एका अक्षरात एवढी ओढ असते, की आपण कोणाच्या सोबतीने निघालो आहोत हे विचारायचे राहूनच जाते. अमीर अलीच्या प्रवाशांचेही हेच झाले होते.

या जिल्ह्यात मात्र आणखी एक 'मी' घरोघरी आहे. गांधीजींचे 'सत्याचे प्रयोग' इथे देवघराच्या शेजारी सापडते. पंधरा वर्षांचा मोहन भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरतो. मग खाणेपिणे गोड लागत नाही, म्हणून चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हाती देतो. वडील उठून बसतात, वाचतात, कागद भिजतो, आणि ते काही न बोलता तो फाडून टाकतात. अमीर अलीच्या गोष्टीतही असाच धातूचा एक तुकडा आहे. एका बाईला मारून त्याने तिच्या गळ्यातले नाणे काढून घेतलेले असते, आणि पुष्कळ उशिरा त्याला कळते, की ती त्याची सख्खी बहीण होती. ७१९ हा आकडा उच्चारताना ज्याचा आवाज हलत नाही, तो त्या एका नाण्यापाशी कोसळतो. आकड्याला पहिल्यांदाच चेहरा फुटतो. मला इथे त्याचा राग धरता येत नाही. कारण अमीर अलीलाही बाप होता. त्याच बापाने त्याच्या जन्मदात्यांना मारून त्याला मायेने वाढवले होते आणि गुळाचा खडाही त्यानेच पुढे केला होता. एका मुलाला चिठ्ठी फाडणारा बाप मिळाला, दुसऱ्याला रुमालाच्या वाटेला लावणारा. गुन्ह्यांचे आकारमान बाजूला ठेवले तर फरक कधी कधी एवढाच उरतो, की आपले ऐकून घ्यायला समोर कोण बसले होते.

हे कायद्यालाही ठाऊक असावे. पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, असे १८७२च्या पुरावा कायद्याने ठरवले. तो कायदा २०२४ साली गेला, पण ही अट नव्या कायद्यातही राहिली. कबुली घ्यायची तर न्यायदंडाधिकाऱ्याने आधी आरोपीला बजावायचे, की बाबा, बोललेच पाहिजे असे तुझ्यावर बंधन नाही. आणि आमच्या पवनारचे विनोबा १९६० साली चालत चंबळच्या खोऱ्यात गेले, तेव्हा वीस बागींनी, म्हणजे डाकूंनी, त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. त्या हाडकुळ्या म्हाताऱ्याकडे ना बेडी होती ना माफीचा हुकूम. कान मात्र होते.

वाचकाकडे यातले काहीच नसते. त्याला शिक्षा देता येत नाही, कागद फाडता येत नाही, आणि त्याला आधी बजावायलाही कोणी येत नाही. खुन्याची गोष्ट वाचून माणूस बिघडतो असे मला वाटत नाही. फार तर स्वतःच्या 'मी'वरचा त्याचा विश्वास थोडा ढळतो, आणि ते बरेच आहे. संध्याकाळी घरी येऊन दिवसभरातल्या भांडणाची हकिकत सांगणारा प्रत्येक जण किती सभ्य, किती सोशीक आणि किती गोड असतो! समोरचा उद्धट, आपण शांत. समोरचा ओरडला, आपण फक्त समजावले. अशा वेळी घरात एक तरी माणूस असावे, जे भाजी निवडता निवडता सगळे नीट ऐकून घेईल आणि मान वर न करता विचारील, "ते झालं सारं, पण त्याच्या आधी तुम्ही काय म्हणाले होते जी?"