हिरव्या चौकोनाच्या धन्यास

महाशय,

ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्डमध्ये कुठल्या दिवशी किती गर्दी असेल, हे आगाऊ सांगण्याचा तुमचा व्यवसाय आहे. वर्षभराचं कॅलेंडर, प्रत्येक तारखेला एक चौकोन, चौकोनात 1 ते 10 मधला एक आकडा. हिरवा म्हणजे खुशाल या, पिवळा म्हणजे विचार करून या, लाल म्हणजे घरीच बसा. रंग निवडण्यात तुमचा हात धरणारा कुणी नाही. आकडे बदलताना मात्र तो कुणीतरी धरायलाच हवा, म्हणून हे पत्र. आणि ते खुलं अशासाठी, की वर्गणी भरून तुमच्यावर विसंबलेली घरं पुष्कळ आहेत.

ऑगस्टमध्ये आम्ही तुमचं कॅलेंडर पाहिलं तेव्हा नोव्हेंबरच्या पूर्वार्धातल्या एका गुरुवारी हिरवा चौकोन होता आणि त्यात 3. त्याचा स्क्रीनशॉट माझ्या फोनमध्ये अजून आहे. साताऱ्याहून माझे आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला यायचे होते. मुलांना शाळेची सुट्टी तेव्हाच होती. त्या 3 वर भिस्त ठेवून आम्ही दोघांनी रजा टाकली, विमानाची तिकिटं काढली, हॉटेलचे पैसे भरले. त्या गुरुवारी सकाळी साडेअकराला सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनच्या फलकावर 95 मिनिटं झळकत होती आणि पीटर पॅन्स फ्लाइटच्या फलकावर 80. रात्री हॉटेलात तुमचं कॅलेंडर पुन्हा उघडलं. त्याच तारखेचा चौकोन पिवळा झाला होता आणि आत 7 होतं. आधीच्या 3 चा मागमूस नव्हता. ना तळटीप, ना बदल कधी केला त्याची तारीख.

अंदाज चुकला म्हणून कुणी कुणाला असं पत्र लिहीत नाही. हवामान खात्याचे चुकतात, निवडणुकांचे चुकतात. माझा आरोप वेगळा आहे. तुम्ही चूक खोडलीत, आणि खोडल्याची खूणही ठेवली नाहीत.

हा आठवडा तुम्हाला ठाऊक नव्हता, असं म्हणायची सोयही तुम्हाला नाही. न्यू जर्सीच्या शिक्षक संघटनेचं अधिवेशन दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला अटलांटिक सिटीत भरतं. गुरुवार-शुक्रवार राज्यभरच्या शाळा बंद, काही ठिकाणी त्याच्या अलीकडचे दिवसही जोडून सुट्टी. सुट्टी मिळालेली पुष्कळ घरं फ्लोरिडाकडे निघतात, आणि डिस्नीला जाणारी माणसं या आठवड्याला उघड 'जर्सी वीक' म्हणतात. एडिसन आणि आसपासच्या मराठी घरांत तर काही वर्षी हे दिवस दिवाळीला लागून येतात. 2023 मध्ये अधिवेशन 9 आणि 10 नोव्हेंबरला होतं आणि लक्ष्मीपूजन 12 ला. न्यू जर्सीत राहणाऱ्याला ही गर्दी सांगावी लागत नाही. आम्ही पैसे दिले ते ती गर्दी मोजून सांगाल म्हणून. तुम्ही मोजलंत आणि 3 सांगितलंत.

आता तुम्ही मोजता तरी काय, ते ग्राहकांना कळू द्या. माणसं तुम्ही मोजत नाही, कारण मोजूच शकत नाही. रोज किती लोक आत आले हे डिस्नी जाहीर करत नाही. बाहेरच्या संस्था वर्षाकाठी एकदा अंदाज मांडतात, तेवढंच. तुमच्यासारख्यांच्या हाती लागतात ते डिस्नीच्या ॲपवर झळकणारे प्रतीक्षेचे आकडे: कुठल्या राइडला किती मिनिटं. ते दिवसभर गोळा करायचे, मागच्या वर्षांशी ताडून पाहायचे आणि त्यावरून पुढचं सांगायचं. यात गैर काहीच नाही, हातात दुसरं साधनही नाही. पण मग '3' म्हणजे 'लोक कमी' असा अर्थ वाचणारा लावतो आणि तुम्ही तो लावू देता, ही फसवणूक आहे.

कारण माणसं आणि मिनिटं एका चालीने वाढत नाहीत. समजा, एक राइड तासाला 1,000 माणसं नेते. तासाला 900 आली तर रांग नावापुरती. 1,100 आली तर दर तासाला 100 माणसं मागे साचतात. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत 500 साचली, म्हणजे शेवटच्या माणसाला अर्धा तास उभं राहणं आलं. आणि 1,200 आली तर? त्याच वेळेला 1,000 माणसं पुढे उभी, म्हणजे पुरा तास. येणारे वाढले शेकडा 9, थांबणं झालं दुप्पट. डॅनिश गणिती एर्लांग यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या निमित्ताने 1909 मध्ये या शास्त्राचा पाया घातला; हे गणित काही नवं नाही. क्षमतेच्या काठावर चालणाऱ्या राइडच्या बाबतीत तुमची लहानशी चूक रांगेतल्या आजीला मोठी होऊन भेटते. म्हणूनच एकटा आकडा देणं बेजबाबदारपणाचं आहे. '3, पण 6 पर्यंत जाऊ शकतो' असं लिहिलं असतंत, तर आम्ही आई-बाबांसाठी दुसरा बेत आखला असता.

शिवाय गर्दी कमी असेल असं वाटलं की पार्कही हात आखडता घेतं. गाड्या कमी सोडायच्या, वेळ कमी ठेवायची, एखादी राइड दुरुस्तीला काढायची. वर फ्लोरिडातली उन्हाळी दुपार: वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड बंद आणि तिथली सगळी माणसं छपराखालच्या रांगांमध्ये. आणि डिस्नी वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कातल्या हॅलोविन-ख्रिसमसच्या तिकीट लावलेल्या पार्ट्या. पार्टीच्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं, म्हणून पुष्कळ जण तो दिवस टाळतात आणि अलीकडच्या-पलीकडच्या दिवशी येतात. तेव्हा पार्टीचा दिवस दिवसभर मोकळा आणि शेजारचा दिवस तुडुंब. ही माहिती कुठल्याही कुटुंबाच्या कामाची आहे. तुमच्या चौकोनात ती मावत नाही, आणि चौकोनाबाहेर लिहायची तसदी तुम्ही घेत नाही.

बाबांची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. रांगेत शिरताना तिथल्या कर्मचारी मुलीने त्यांच्या हातात दोरी लावलेलं लाल कार्ड ठेवलं आणि पुढे राइडपाशी परत द्यायला सांगितलं. रांगेत खरोखर किती वेळ गेला हे मोजायची ती डिस्नीची पद्धत. बाबांनी ते गळ्यात अडकवलं आणि लगेच मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहिली. बाहेरच्या फलकावर 60 मिनिटं होती. कार्ड परत करताना त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं: 41. म्हणजे ज्या फलकाचे आकडे तुम्ही ॲपवरून उचलता, तो फलकही हातचं राखून बोलतो. बाबा मला म्हणाले, "अगं, आमच्या स्टँडवर गाडीची ठरलेली वेळ एका रकान्यात आणि ती खरी सुटली ती वेळ शेजारच्या रकान्यात लिहावी लागायची. दुसरा रकाना कोरा ठेवला तर साहेब जाब विचारायचा." तुमच्या कॅलेंडरला तो दुसरा रकानाच नाही.

आणि तो ठेवता येतो. तुमच्यासारखेच गर्दीचे अंदाज देणाऱ्या टूरिंग प्लॅन्स या सेवेचे लेन टेस्टा यांनी कमीत कमी वेळात जास्तीत जास्त राइड कशा करायच्या, या प्रश्नावर विद्यापीठात काम केलं आणि त्यातून ती सेवा उभी राहिली. तिथे सरलेल्या दिवसाचा सांगितलेला आकडा आणि दिसलेला आकडा शेजारी-शेजारी असतात. चुकले तर चुकलेले दिसतात. त्यांच्याच नोंदींनुसार 4 जुलैला मॅजिक किंगडममधली सरासरी प्रतीक्षा 2019 मध्ये 47 मिनिटं होती, 2023 मध्ये 27. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, वर्षानुवर्षं टाळायचा म्हणून सांगितलेला दिवस, आणि रांगा निम्म्याच्या जवळपास. उकाडा, वाढलेले दर, करोनानंतरच्या प्रवासाची ओसरलेली लाट, अशी बरीच कारणं तेव्हा पुढे आली. नोंद ठेवली होती म्हणून ती चर्चा तरी झाली.

तुमच्या भाकितामुळे गर्दीच बदलते, हेही तुम्ही कधी सांगत नाही. ब्रायन आर्थर या अर्थतज्ज्ञाने 1994 मध्ये सँटा फे गावातल्या एल फॅरोल नावाच्या बारवरून हे कोडं मांडलं: 100 माणसं आहेत, 60 पेक्षा कमी आली तरच बसायला मजा, आणि प्रत्येकाला इतर काय करतील याचा अंदाज बांधून ठरवायचं आहे. सगळ्यांनी एकच अंदाज मानला की तो अंदाज खोटा ठरतो. तुमचा हिरवा चौकोन हजारो घरं एकाच वेळी पाहतात. त्यातली किती त्या तारखेला निघाली, हे तुम्हाला ग्राहकांच्या शोधावरून बऱ्यापैकी कळत असणार. मग ते आकड्यात येतं का? येत असेल तर सांगा. येत नसेल तर तेही सांगा.

या सगळ्याचे पैसे कोण भरतं, तेही पाहा. 1999 मध्ये सुरू झालेला फास्टपास फुकट होता. ऑक्टोबर 2021 पासून रांग टाळायला पैसे पडू लागले, 2024 मध्ये त्याचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं, आणि त्याचा दर तारखेप्रमाणे चढतो-उतरतो. तुमचा हिरवा दिवस पिवळा झाला त्या सकाळी आम्ही ते पास माणशी घेतले, त्या दिवसाच्या चढ्या दराने, कारण आईचे गुडघे एवढा वेळ उभं राहू देत नाहीत. आईने पैशांचा आकडा ऐकला आणि मुलांना म्हणाली, "तुम्ही जा रे, मी इथे सावलीत बसते." आई-बाबांचा पुन्हा एवढा प्रवास होईल की नाही, कुणी सांगावं? तुमचं 'फक्त मार्गदर्शनासाठी' हे बारीक अक्षरातलं वाक्य मी वाचलं आहे. त्याने या दिवसाची भरपाई होत नाही.

आता वाचकांसाठी दोन शब्द, कारण तुम्ही ते लिहीत नाही. ही साधनं टाकाऊ नाहीत. दोन आठवड्यांची तुलना करायला ती चांगली. कुठल्या राइडची रांग कायम लांब असते आणि उघडल्याबरोबरचा पहिला तास किती मोलाचा, हे त्यांच्या जुन्या नोंदींतून नेमकं कळतं. ऑक्टोबर 2018 पासून डिस्नीचं तिकीटही तारखेप्रमाणे स्वस्त-महाग असतं. स्वस्त तारीख हा खुद्द डिस्नीचा अंदाज, आणि तो पाहायला वर्गणी लागत नाही. शेजारच्या तारखांना पार्टी आहे का ते पाहा. तीन महिने आधीचा आकडा तिकीट काढण्यापुरता धरा, आठवडाभर आधी पुन्हा पाहा. आणि जुना आकडा फोनमध्ये ठेवाच, कारण तो ठेवणारे तुम्ही एकटेच असाल.

महाशय, वर्गणी परत नको. प्रत्येक चौकोनात आकड्याबरोबर त्याची खालची-वरची मर्यादा छापा. अंदाज बदललात की बदलाची तारीख द्या आणि आधीचा आकडा तसाच दिसू द्या. दिवस सरला की खरा आकडा शेजारी मांडा. सुरुवात आमच्या गुरुवारपासून करा: तुमचा ऑगस्टमधला 3 त्या तारखेला परत लावा. तुमच्याकडे तो उरला नसेल, तर माझ्याकडे आहे, पाठवते.

एक वर्गणीदार,
एडिसन, न्यू जर्सी