बिया आफ्रिकेच्या, भुरका आमचा

घरीच कॉफी भाजणाऱ्यांचा एक पंथ निघाला आहे. इथियोपियातल्या यिर्गाचेफेच्या हिरव्या बिया मागवायच्या, पॉपकॉर्नच्या यंत्रात ओतायच्या आणि स्टॉपवॉच धरून उभं राहायचं. (तिकडे पॉपकॉर्न कॉफीबरोबर खायला देतात, इथे त्याच्या यंत्रात कॉफीच भाजतात.) २०० अंशांच्या आसपास बी तडतडली, की बाळाने पहिला शब्द उच्चारावा तसा यांचा चेहरा फुलतो. ओट्यावर टरफलं, घरभर धूर, घरचे खिडक्या उघडत फिरतात.

मग जोरदार भुरका. चव घेण्याची शास्त्रोक्त पद्धत तीच. आपल्या आजोबांना बशीतल्या चहापायी उगाच बोलणी बसली. भुरक्यानंतर निदान: जाई, लिंबाची साल, किंचित ब्लूबेरी. ब्लूबेरी यांनी कधी खाल्लेली असतेच असं नाही. केनियाच्या पाकिटावर ‘एए’ दिसलं, की मान आणखी आदराने डोलते. ती खूण चाळणीने ठरवलेल्या दाण्याच्या आकाराची. चवीचा दाखला नव्हे. पण कुणाचं सुख कशाला मोडा?

इथियोपियात बाई निखाऱ्यांवर तव्यात बिया भाजते, तो सुगंधी धूर पाहुण्यांपुढे फिरवते, बिया कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळते आणि तीन फेऱ्या वाढते. भाजणीचा आलेख नाही, चवीची गुणपत्रिका नाही. काही भागांत त्यात मीठ पडतं, कुठे लोणी. पाकिटावरच्या वर्णनात हे मात्र छापलेलं नसतं.